‘जास्त ताकदीचे इंधन’ : एका सोप्या उत्तराची चिकित्सा

अमेरिकेत ड्रॅग रेसिंग नावाचा शर्यतीचा एक प्रकार आहे. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या करायच्या, दिवा हिरवा झाला की सरळ रेषेत पाव मैल, म्हणजे सुमारे ४०२ मीटर, धावायचे. वळण नाही, घाट नाही. १९५१ साली वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन ही संस्था काढली आणि रस्त्यांवर चालणारा हा खेळ नियमांच्या चौकटीत आणला. या संस्थेच्या शर्यतींत ‘टॉप अल्कोहोल फनी कार’ नावाचा एक वर्ग आहे. त्यातील सुपरचार्जर बसवलेल्या, मिथेनॉलवर चालणाऱ्या चांगल्या गाड्या हे अंतर साडेपाच सेकंदांच्या आत कापतात. रेषा ओलांडताना त्यांचा वेग ताशी ४२० किलोमीटरच्या पुढे गेलेला असतो.

हे चित्र विद्यार्थ्यांसमोर ठेवले की ‘एवढा वेग येतो कोठून?’ हा प्रश्न ठरलेला. त्याचे लोकप्रिय लेखनात नेहमी आढळणारे उत्तरही ठरलेले आहे : ‘अल्कोहोल हे पेट्रोलपेक्षा जास्त ताकदीचे इंधन आहे. सुपरचार्जर इंजिनात जास्त हवा कोंबतो. त्यामुळे शक्ती वाढते आणि शक्तीच्या प्रमाणात वेग वाढतो.’ आम्हीही वर्गात अनेक वर्षे थोड्याफार फरकाने हेच सांगत आलो. उत्तर सुटसुटीत आहे, विद्यार्थी समाधानी होतात, तास पुढे सरकतो. परंतु त्यातील पहिले वाक्य चूक आहे, दुसरे अर्धे खरे आहे आणि तिसऱ्यात ‘प्रमाण’ हा शब्दच चुकीच्या जागी पडला आहे. ही तिन्ही वाक्ये एकेक करून तपासून पाहू.

पहिले वाक्य इंधनाचे. आपल्या पाठात इंधनांच्या कॅलरीमूल्यांचा तक्ता असतो. एक किलो पेट्रोल जळताना सुमारे ४३ मेगाज्यूल उष्णता मिळते. एक किलो मिथेनॉलपासून सुमारे २० मेगाज्यूल, म्हणजे निम्म्याहूनही कमी. तक्त्यावर विश्वास ठेवला तर शर्यतीसाठी मिथेनॉल निवडणारा माणूस वेडा ठरतो. आणि गाडीकडे पाहिले तर तक्ता खोटा वाटतो. प्रत्यक्षात दोघेही बरोबर आहेत. चूक आहे ती तक्ता वाचण्याच्या आपल्या सवयीत.

इंजिनाला अडचण इंधनाची नसते, हवेची असते. टाकीतून हवे तेवढे इंधन पंपाने सोडता येते. पण सिलिंडरचे आकारमान ठरलेले आहे आणि त्यात एका वेळी मावणारी हवाही मर्यादित आहे. म्हणून ‘एक किलो इंधनातून किती उष्णता?’ हा प्रश्न येथे गैरलागू ठरतो. विचारायला हवे ते असे : ‘एक किलो हवेच्या साहाय्याने जेवढे इंधन जाळता येईल, त्यातून किती उष्णता?’

हे गणित दहावीच्या विद्यार्थ्यालाही जमेल. मिथेनॉलच्या रेणूत एक कार्बन, चार हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन अणू असतो. रेणुभार ३२, त्यातील १६ एकट्या ऑक्सिजनचे. म्हणजे या इंधनाचे निम्मे वजन ऑक्सिजनचेच आहे. ३२ ग्रॅम मिथेनॉल पूर्ण जळायला बाहेरून ४८ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. हवेत वजनाने सुमारे २३ टक्के ऑक्सिजन असतो, हे धरले तर एक किलो मिथेनॉलला साधारण साडेसहा किलो हवा पुरते. एक किलो पेट्रोलला मात्र सुमारे १४.७ किलो हवा लागते. आता उलटा हिशेब करा. एक किलो हवेत ६८ ग्रॅम पेट्रोल जळते आणि सुमारे २.९ मेगाज्यूल मिळतात. त्याच हवेत १५४ ग्रॅम मिथेनॉल जळते आणि सुमारे ३.१ मेगाज्यूल मिळतात. फरक जेमतेम पाच टक्क्यांचा. ‘निम्म्या ताकदीचे’ इंधन हवेच्या मापाने मोजताच पेट्रोलच्या किंचित पुढे गेले. तरीही एवढ्याशा आघाडीवरून त्याला ‘जास्त ताकदीचे’ म्हणता येणार नाही.

मग मिथेनॉलच का? याचे उत्तर त्याच्या जळण्यात कमी आणि वाफ होण्यात जास्त आहे. माठातले पाणी गार का होते, हे शिकवताना आपण बाष्पनाचा अप्रकट उष्मा सांगतो. एक किलो मिथेनॉलची वाफ व्हायला सुमारे ११०० किलोज्यूल लागतात. पेट्रोलला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. शिवाय प्रत्येक किलो हवेबरोबर मिथेनॉल दुपटीहून जास्त जाते. दोन्ही गोष्टी एकत्र केल्या तर एका किलो हवेतून मिथेनॉल सुमारे १७० किलोज्यूल उष्णता काढून घेऊ शकते, पेट्रोल सुमारे २४. सातपट फरक! सगळे मिथेनॉल वाटेतच वाफ होत नाही, त्यामुळे हवा प्रत्यक्षात १७० अंशांनी उतरत नाही. तरीही ती भरपूर थंड होते. थंड हवा दाट असते, म्हणून सिलिंडरमध्ये जास्त मावते. आणि दट्ट्याने दाबल्यावर हे मिश्रण ठिणगीची ज्योत पोहोचण्याआधी आपोआप भडकून उठण्याची, म्हणजे ‘नॉकिंग’ची, भीती कमी होते.

येथे दुसरे वाक्य येते, सुपरचार्जरचे. इंडियाना राज्यातील रूट्स बंधूंनी १८६० साली पेटंट घेतलेला दोन पात्यांचा भाता भट्ट्यांना हवा पुरवत असे. पुढे जनरल मोटर्सच्या दोन-फेरी डिझेल इंजिनांवर तसेच भाते बसले आणि तेथून ते शर्यतवाल्यांच्या हाती आले. सुपरचार्जर जास्त हवा भरतो हे खरे. मात्र ही हवा फुकट येत नाही. तो इंजिनाच्याच दांड्यावरून पट्ट्याने फिरतो, म्हणजे मिळालेल्या शक्तीतला मोठा वाटा आधी तोच खातो. दुसरे असे की, सायकलचा पंप मारताना त्याचे नळकांडे तापते तशी दाबलेली हवाही तापते. २७ अंशांची हवा आदर्श रीतीने तिप्पट दाबापर्यंत नेली तरी तिचे तापमान १३८ अंशांच्या आसपास जाते. खऱ्या यंत्रात त्याहून वर. रूट्सच्या भात्यात हवा आतल्या आत दाबली जात नाही, बाहेर पडताना एकदम दाबली जाते, म्हणून तो जास्त तापवतो. स्वीडिश अभियंता लिसहोम यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या स्क्रू प्रकारात हवा पात्यांमधून पुढे सरकता सरकता दाबली जाते, म्हणून तो या बाबतीत सरस ठरतो.

दाबमापकाचा काटा वर गेला म्हणजे हवा तेवढीच वाढली, असा समज येथूनच निर्माण होतो. वायूची घनता दाबाच्या सम प्रमाणात असते, पण निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणातही असते. दाब दहा टक्क्यांनी वाढला आणि त्यापायी निरपेक्ष तापमान सहा टक्क्यांनी वाढले, तर हवा वाढली चारच टक्के. म्हणून सुपरचार्जर आणि मिथेनॉल या दोन स्वतंत्र युक्त्या नाहीत. एकाने तापवायचे, दुसऱ्याने निववायचे, अशी ती जोडी आहे. लोकप्रिय स्पष्टीकरण त्यांना सुटे करून मांडते आणि नेमका हा संबंधच हरवून बसते.

ही जोडी सांभाळणे म्हणजेच ट्यूनिंग. त्यातील एक कळ शिक्षकांनी मुद्दाम पाहण्यासारखी आहे. या इंजिनांचा इंधनपंप इंजिनावरच फिरतो आणि गरजेपेक्षा जास्त मिथेनॉल उपसतो. जादा इंधन एका बारीक छिद्राच्या जेटमधून टाकीकडे परत जाते. त्यामुळे जेट लहान केला की इंजिनाला इंधन जास्त मिळते आणि मोठा केला की कमी! विद्यार्थ्यांना हे प्रथम उलटे वाटेल. तसे वाटले पाहिजे. आता समजा, ट्यूनरने पुली बदलून सुपरचार्जर अधिक वेगाने फिरवला. हवा वाढली, परंतु पंप इंजिनाच्याच वेगाने फिरत असल्यामुळे इंधन होते तेवढेच राहिले. मिश्रण विरळ झाले, थंडावा घटला, नॉकिंग सुरू झाले आणि दट्ट्याला भोक पडले. म्हणून पुलीबरोबर जेटही बदलावा लागतो, बहुधा ठिणगीची वेळही. मिथेनॉल रासायनिक हिशेबापेक्षा बरेच जास्त घातले तरी चालते, नव्हे, अधिक शक्ती देते. कारण जादा भाग जळला नाही तरी थंड करण्याचे काम करतोच.

डेन्व्हरजवळ बँडिमिअर स्पीडवे नावाची धावपट्टी होती. ती २०२३ साली बंद झाली. समुद्रसपाटीपासून ५८०० फूट उंचीवरच्या या पट्टीवर हवेचा दाब सपाटीवरच्या दाबाच्या सुमारे चार-पंचमांश असे. सपाटीवर उत्तम जुळवलेले इंजिन तेथे तसेच नेले, तर हवा कमी आणि इंधन तेवढेच, अशी स्थिती होणार. सुपरचार्जर वेगाने फिरवणे आणि जेट मोठा करणे, हे दोन्ही उपाय आता वाचकांना स्वतःच सुचतील. प्रत्येक धावेनंतर ठिणगीचे प्लग काढून त्यांचा रंग पाहायचा, नोंदी वाचायच्या, हवेचे तापमान, दाब आणि आर्द्रता मोजायची आणि मग पुढचा बदल ठरवायचा, ही ट्यूनरची पद्धत आहे. ‘प्रयोग’ या शब्दाला ती आपल्या प्रयोगवहीतल्या तयार निष्कर्षांपेक्षा अधिक जागते, असे आम्हाला वाटते.

राहिले तिसरे वाक्य : शक्तीच्या प्रमाणात वेग. धावभर शक्ती स्थिर आहे आणि हवेचा विरोध नाही, असे धरू. शक्ती गुणिले वेळ म्हणजे गतिज ऊर्जा. म्हणून वेग वेळेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. त्यावरून कापलेले अंतर हे अंतिम वेग व वेळ यांच्या गुणाकाराच्या दोन-तृतीयांश येते. दोन्ही एकत्र केले की अंतिम वेगाचा घन शक्तीच्या सम प्रमाणात निघतो. जेफ्री फॉक्स यांनी १९७३ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये ड्रॅग रेसिंगच्या भौतिकीवर लिहिताना स्थिर शक्तीचे हेच गृहीत वापरले होते. शक्ती दहा टक्के वाढली तर वेग वाढतो फक्त तीन टक्क्यांच्या आसपास. वेग दुप्पट हवा असेल तर शक्ती आठपट लागेल. याच रीतीने ताशी ४२० किलोमीटर या अंतिम वेगावरून वेळ काढा : ५.२ सेकंद येते. एवढ्या ढोबळ गृहीतावर उत्तर प्रत्यक्षाच्या इतके जवळ येते, हा आनंद विद्यार्थ्यांना जरूर द्यावा. उरलेला फरक कोठून आला, ही पुढची चर्चा. सुरुवातीच्या क्षणी टायरची पकडच मर्यादा घालते. तेथे जादा शक्ती दिली तर चाके नुसती फिरतात. म्हणून कुशल ट्यूनर सुरुवातीला ठिणगी उशिरा देऊन किंवा क्लच घसरू देऊन शक्ती मुद्दाम रोखतो. म्हणजे कधी कधी वेळ कमी होतो तो शक्ती कमी केल्यामुळे.

कोणी म्हणेल, शाळेत एवढा काथ्याकूट कशाला? सोपे उत्तर सोपे असते, हा त्याचा गुण आम्ही नाकारत नाही. आमचा आक्षेप एवढाच की, हे उत्तर ‘दर कशामागे?’ हा प्रश्न विचारायची सवय मोडते. आणि ती सवय आज आपल्या घरापर्यंत आलेल्या एका वादासाठी हवी आहे. २०२५ पर्यंत आपल्याकडे पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले. त्यातला मोठा वाटा उसापासून येतो आणि ऊस महाराष्ट्राच्या जिव्हाळ्याचा विषय आहे. एक पक्ष म्हणतो, इथेनॉल शर्यतीच्या गाड्यांत वापरतात, ते चांगलेच. दुसरा म्हणतो, त्यात ऊर्जा कमी, ते वाईटच. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते; म्हणून २० टक्के मिश्रणाच्या एका लिटरमध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते. शर्यतवाल्याला हवा मोजून मिळते. त्याला याची फिकीर नाही. स्कूटरवाला लिटरमागे पैसे मोजतो, त्याला आहे. दोघांचे आकडे खरे आहेत, भाजक वेगळे आहेत. हे कळलेला विद्यार्थी कोणत्याच पक्षाच्या घोषणेला फसणार नाही.

एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. हा पाठ कागदावरच करावा. मिथेनॉल वर्गात आणू नये. १९६४ च्या इंडियानापोलिस शर्यतीत पेट्रोलच्या आगीत एडी सॅक्स आणि डेव्ह मॅकडोनाल्ड हे दोन चालक मृत्युमुखी पडले. त्यानंतर तेथे मिथेनॉल आले, कारण त्याची आग पाण्याने विझते. पण तिची ज्योत उजेडात जवळजवळ दिसत नाही. १९८१ साली त्याच शर्यतीत रिक मिअर्स आणि त्यांचे सहकारी अशा न दिसणाऱ्या आगीत भाजले. शाळांतील मिथेनॉलच्या प्रात्यक्षिकांत मुले भाजल्यानंतर अमेरिकेच्या रासायनिक सुरक्षा मंडळाला २०१४ साली शिक्षकांसाठी सूचना काढाव्या लागल्या. आणि पोटात गेलेले मिथेनॉल काय करते, हे मुंबईला सांगायला नको. २०१५ च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्या दारूत मिथेनॉलच होते.

पुढच्या तासाला कॅलरीमूल्यांचा तक्ता फळ्यावर लिहाल, तेव्हा त्यात आणखी एक स्तंभ आखून पाहावा : ‘एक किलो हवेमागे मिळणारी उष्णता’. आकडे विद्यार्थ्यांनाच काढू द्यावेत. पहिल्या स्तंभात एकमेकांपासून इतकी दूर असलेली इंधने दुसऱ्या स्तंभात इतकी जवळ कशी आली, हा प्रश्न मग त्यांच्यातूनच येईल.