कमिशन किती, ते आधी सांगा

मी भिवंडीत राहतो. गेल्या नोव्हेंबरात नागपूरकडच्या एका कवीचा सत्तर-ऐंशी पानांचा संग्रह ऑनलाइन मागवला. चौथ्या दिवशी पाहिले तर पुस्तक भिवंडीतच येऊन पडले होते, माणकोलीकडच्या कुठल्याशा गोदामात, माझ्या घरापासून रिक्षाने वीस मिनिटांवर. तिथून ते मुंबईला गेले, मुंबईहून परत फिरले आणि नवव्या दिवशी दारात आले. मी कवीला फोन लावला. (कवीला थेट फोन लावता येतो, ही मराठीच्या छोट्या बाजारपेठेची एकमेव चैन.) छापील किंमत 150 रुपये. तो म्हणाला, "माझ्या हातात 62 येतात, त्यातले 55 छपाईचे. उरलेल्या सातात चहा पितो, अर्धा."

त्याच आठवड्यात एका साहित्य महोत्सवात बसलो होतो. व्यासपीठावरच्या विद्वानांनी सांगितले की दलित साहित्याचे दिवस आले आहेत, इंग्रजी प्रकाशक रांगेत उभे आहेत, पुस्तक एका क्लिकवर खेड्यात पोचते आहे, तेव्हा ग्रंथव्यवहारातल्या जातीचा प्रश्न आता जवळपास निकालात निघाला. टाळ्या पडल्या. हा लेख त्या टाळ्यांनी लिहायला लावला.

इंग्रजी रांगेबद्दल एवढेच: 'बलुतं' हे आत्मकथन ग्रंथालीने 1978 साली काढले, ते इंग्रजीत आले 2015 साली. सदतीस वर्षांनी पोचणाऱ्याने निदान 'शोध लागला' असे म्हणू नये. 2003 साली निघालेल्या नवायन या प्रकाशनाचे काम मोठे आहे. पण बाबासाहेबांच्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'ला 2014 साली अरुंधती रॉय यांची लांबलचक प्रस्तावना जोडल्यावर बाबासाहेबांची ओळख करून द्यायला बाहेरचा माणूस कशाला, असा जो वाद झाला, तो वाचकांना पाठ आहे. मी त्यात एकच भर घालतो. जातपात तोडक मंडळाने रद्द केलेले ते भाषण 1936 साली बाबासाहेबांनी स्वतःच्या खर्चाने छापले आणि 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. त्या पुस्तकाला दारात उभे राहून ओळख करून देणारा माणूस तेव्हाही लागला नव्हता. हिंदीतल्या सम्यक प्रकाशनावर जाणकाराने वेगळे लिहावे. तो माझा प्रांत नाही.

अलीकडच्या कामात मला खरे औत्सुक्य आहे ते योगेश मैत्रेय यांच्या पँथर्स पॉ प्रकाशनाचे. 2016 साली सुरू झालेले हे घर एका कवीने चालवलेले. लोकनाथ यशवंतांची मराठी कविता इथे इंग्रजीत आली, तीही कोणा प्राध्यापकाच्या टिपांच्या कुबड्या न घेता. भाषांतर कोणी करायचे, मुखपृष्ठावर काय असावे, कोणता शब्द इंग्रजी वाचकाला न समजला तरी तसाच ठेवायचा, हे सगळे निर्णय आतल्या माणसाचे आहेत, आणि ते पानापानावर जाणवते. मैत्रेय यांची स्वतःची आत्मकथा मात्र 2023 साली पेंग्विनने काढली. यावर नाके मुरडणारे मी पाहिले आहेत. मला त्यात विसंगती दिसत नाही, हिशेब दिसतो: ज्याच्याकडे विमानतळावरचे दुकान आहे त्याच्याकडे जावे लागते, कारण छोट्या प्रकाशकाला ते दुकान उभे करत नाही. किमतीबद्दल मात्र माझी कुरकूर आहे. इंग्रजीतले हे संग्रह ज्या पोराने वाचावेत, तो आमच्या बीएनएन कॉलेजात शिकतो आणि त्याच्या महिन्याच्या खर्चाचा मोठा तुकडा एका पुस्तकात जातो.

म्हणून माझे मन वारंवार जाते ताडपत्रीकडे. 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर, 1 जानेवारीला भीमा कोरेगावात, 3 जानेवारीला नायगावात जी पुस्तके जमिनीवर मांडली जातात, तो मराठीतला सर्वांत जिवंत ग्रंथव्यवहार आहे, आणि आमच्या समीक्षेने त्याच्याकडे एकदाही मान वळवून पाहिलेले नाही. बत्तीस किंवा अठ्ठेचाळीस पाने, मध्ये दोन पिना, रद्दीच्या अलीकडचा कागद, मुखपृष्ठावर निळ्या कोटातले बाबासाहेब. शुद्धलेखनाच्या चुका भरपूर. एका पुस्तिकेत मी 'मूकनायक' तीन पानांत तीन प्रकारे लिहिलेला पाहिला आहे. पण घडण पाहा. पुस्तिका सदऱ्याच्या खिशात मावते, एसटीत उभ्याने वाचता येते, जिला वाचता येत नाही त्या आजीला नात एका बसणीत वाचून दाखवू शकते. किंमत सुट्ट्या पैशात. विकणारा स्वतः ते वाचून आलेला असतो आणि गिऱ्हाईकाला विचारतो, "मागच्या वर्षी काय नेलं होतं?" माझ्या ओळखीच्या एकाही वातानुकूलित दुकानात मला हे कोणी विचारलेले नाही. पुण्यात विलास आणि उषा वाघ यांनी सुगावा प्रकाशन असेच, माणूस पाहून पुस्तक हातात ठेवत, वर्षानुवर्षे चालवले. विलास वाघ 2021 साली गेले. त्यांच्या कामाचे मोजमाप करणारी समीक्षा अजून लिहिली गेलेली नाही, कारण त्यासाठी संहिता बाजूला ठेवून बिलबुक उघडावे लागेल.

आणि बिलबुकातच सगळे आहे. बाबासाहेबांचे पाक्षिक 'मूकनायक' 31 जानेवारी 1920 रोजी निघाले. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले होते. 'केसरी'ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायचे नाकारले. ही गोष्ट आपण अभिमानाने आणि चिडून सांगतो, पण तिचा अर्थ लावत नाही. मजकुराला तो नकार नव्हता, मजकूर कोणी अजून वाचलाच नव्हता. नकार होता तो पत्र निघते आहे ही बातमी वाचकापर्यंत जाऊ देण्याला. त्याआधी 1885 साली ग्रंथकारांच्या सभेचे निमंत्रण जोतीराव फुल्यांनी नाकारले, तेव्हा त्यांनीही बोट मजकुराआधी माणसांकडेच दाखवले होते: जे सर्वांचे मानवी हक्क मानत नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमचा मेळ बसत नाही. आज नकार इतका उघडा नसतो. आज तो टक्केवारीत असतो. वितरक आणि विक्रेता मिळून निम्म्याच्या आसपास किंमत घेतात, पैसे सहा-आठ महिन्यांनी, न खपलेल्या प्रती कोपरे मुडपून परत. ज्याच्या आजोबांचा वाडा आहे तो प्रकाशक सहा महिने थांबू शकतो. ज्याने बायकोच्या पोतीवर कर्ज काढून 500 प्रती छापल्या तो थांबू शकत नाही. मग शासनमान्य ग्रंथांच्या यादीत नाव लागावे म्हणून ग्रंथालय संचालनालयाकडे प्रती पाठवायच्या आणि वाट पाहायची. याला व्यवसायाचे नियम म्हणतात. मी जात म्हणतो.

टपालाचेच घ्या. पुस्तकांसाठीची स्वस्त रजिस्टर्ड सेवा डिसेंबर 2024मध्ये बंद झाली. घरून पुस्तके पाठवणाऱ्या छोट्या प्रकाशकाचा तोच आधार होता. मे 2025पासून 'ज्ञान पोस्ट' आले, तीनशे ग्रॅमपर्यंत 20 रुपये. बरे झाले, पण नियतकालिकांना त्यात जागा नाही. म्हणजे 'अस्मितादर्श'सारखे त्रैमासिक आज कोणी काढलेच, तर त्याने ज्ञान बाहेर ठेवून पोस्टात यावे.

राज्य सरकारकडे पाहावे तर बाबासाहेबांचे समग्र लेखन 1979पासून सरकारच छापते. 2021च्या अखेरीस उच्च न्यायालयाला वृत्तपत्रातली बातमी वाचून स्वतःहून दखल घ्यावी लागली: नऊ लाख प्रतींचा निर्णय, सव्वापाच कोटींहून अधिकचा कागद विकत घेतलेला, आणि चार वर्षांत छापल्या 33 हजार. या खंडांना वाचकांचा तुटवडा आहे असे म्हणण्याची हिंमत कोणी करू नये. 6 डिसेंबरला ते मागणारी माणसे मी रांगेत पाहिली आहेत.

महोत्सवातल्या विद्वानांना माझे एक निमंत्रण आहे. भिवंडीला या. इथे एवढी गोदामे का झाली ते आमचा कोणीही रिक्षावाला सांगेल. मुंबईच्या हद्दीत माल नेला की जकात भरावी लागे, म्हणून काल्हेर, पूर्णा, राहनाळच्या शेतांत पत्रे उभे राहिले. मालाने नाक्याच्या अलीकडे थांबायचे आणि नाक्यावाल्याची मर्जी पाहायची. 2017 साली जीएसटी आला, जकात गेली, गोदामे राहिली, वाढली. मराठी ग्रंथव्यवहारातला नाका मात्र कोणत्याही कायद्याने उठलेला नाही. त्यावर बसलेल्यांनीच आता नाका उठल्याची भाषणे सुरू केली आहेत, आणि पलीकडे थांबलेल्या माणसाकडून टाळ्यांची अपेक्षाही आहे. ज्या पोरी त्या पत्र्यांखाली उभ्याने पुस्तकांना टेप लावतात, त्यांतल्या कितींच्या घरात त्यातले एक पुस्तक आहे, हे एकाही परिसंवादात विचारले गेल्याचे मला आठवत नाही. तुम्ही आवाजाविषयी बोलता. मी पार्सलाविषयी बोलतो आहे.

कवीने परत आलेल्या चाळीस प्रती 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणल्या. ओळखीच्या एका पुस्तकवाल्याने ताडपत्रीचा कोपरा दिला. 150चे पुस्तक कवीने 100ला लावले. मी दुपारी पोचलो तेव्हा परभणीकडच्या एक बाई दोन प्रती पिशवीत घालत होत्या, एक स्वतःसाठी, एक शाळेतल्या बाईंसाठी. अंधार पडेपर्यंत 31 प्रती गेल्या. दादर स्टेशनकडे निघताना कवीने मला चहा पाजला, आणि स्वतःसाठी पूर्ण कप सांगितला.