दाब दहावर

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचं कौतुक आपण छेदांच्या लांबीवरून करतो. मला तिची खरी लज्जत पोटाच्या आत वाटते, आणि ती चाखायला रुग्ण धडधाकट नसावा (रसिकाचा हा स्वार्थ माफ व्हावा). सत्तरी ओलांडलेलं वय, मधुमेह, हृदयाचं पंपिंग कमी आणि मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावर कर्करोग. अशा माणसाचं पोट उभं उघडलं तर पुढचे काही दिवस तो दुखतं म्हणून खोकत नाही, कफ साठतो, न्यूमोनिया गाठतो. चार-पाच छिद्रांचा खटाटोप त्यासाठी.

पुण्याला ओटीपोटातली ही दुर्बिणीची वाट चांगली ओळखीची आहे. गॅलेक्सी केअरचे डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि सहकाऱ्यांची गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची पद्धत २००७ मध्ये २४८ रुग्णांच्या अनुभवासह आंतरराष्ट्रीय नियतकालिकात ‘पुणे टेक्निक’ याच नावाने छापून आली. अवयव वेगळा, पण मूत्रवाहिनी आणि चेतातंतू सांभाळण्याची कसरत तीच.

आतड्याची शस्त्रक्रिया पडद्यावर पाहताना सुरुवातीला काहीच घडत नाहीसं वाटतं. पोटात कार्बन डायऑक्साइड भरतो, एरवी १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. आतडी सरकावीत म्हणून टेबल डोक्याकडे उतरतं केलेलं असतं. फुफ्फुसं दबतात, वायू रक्तात मुरतो, हृदयावर ताण येतो. भूलतज्ज्ञ मॉनिटरकडे पाहत दोन शब्द बोलतो आणि दाब दहावर उतरतो. जागा आकसते. सर्जनने त्या अडचणीत हात घाईला न आणणं, ही मला पहिली दाद देण्याजोगी जागा वाटते.

मग आतड्यामागचा पदर. गर्भातच आतड्याचं आवरण पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटलेलं असतं; नेमक्या त्या रेघेत शिरलं की जुनी शिवण उसवावी तसे थर सुटतात, रक्त जेमतेम येतं. खाली डावी मूत्रवाहिनी. तिला हलकेच डिवचलं की ती वळवळते, म्हणून रक्तवाहिनीपासून वेगळी ओळखू येते. ती दिसेपर्यंत मुख्य धमनीला क्लिप लावायची नाही. या थांबण्यात सगळा रियाज दिसतो.

शेवटी स्टेपलरचा जोड. ओटीपोटात पाणी भरून खालून हवा सोडतात. बुडबुडा आला तर जोड गळतोय. नाही आला तरी थकलेल्या शरीरात जोड पुढे भरेलच असं नाही, आणि गळती अशा रुग्णाला सहसा झेपत नाही. म्हणून कधी जोडाच्या वरचं आतडं पोटावर काढून तात्पुरती पिशवी लावतात, कधी जोडायचंच टाळतात. कॅमेऱ्यासमोर देखणा जोड साधत असताना तो न करणारा सर्जन मला सर्वांत वरचा वाटतो. गॅस सोसवेना म्हणून दुर्बीण बाजूला ठेवून सरळ पोट उघडणारा, त्याच्याच पंक्तीतला.