‘सहानुभूती’ या शब्दाची झडती

४ जून २०२४ रोजी चंद्रपूर लोकसभेचा निकाल लागला. प्रतिभा धानोरकर यांना ७,१८,४१० मते, सुधीर मुनगंटीवार यांना ४,५८,००४. फरक २,६०,४०६. त्या संध्याकाळी बल्लारपुरात जो भेटेल तो एकाच शब्दात निकाल सांगत होता : सहानुभूती. मीही तोच शब्द उच्चारला. पुढे तो मला टोचू लागला, म्हणून ही झडती.

शब्दाला आधार होता, हे आधी मान्य करू. प्रतिभाताईंचे पती, खासदार बाळू धानोरकर, ३० मे २०२३ रोजी वारले. २०१९ मध्ये महाराष्ट्रातून निवडून आलेले काँग्रेसचे ते एकमेव खासदार. त्यांच्या जागी पोटनिवडणूक झालीच नाही. जागा वर्षभर रिकामी राहिली. लोकांच्या मनात हळहळ होती. पण प्रतिभाताई २०१९ मध्येच वरोऱ्याच्या आमदार झाल्या होत्या, पती हयात असताना. लोकसभेची उमेदवारीही आपसूक पदरात पडली नाही. पक्षात शिवानी वडेट्टीवार यांचे नाव चर्चेत होते. ‘सहानुभूती’ म्हटले की ही साडेचार वर्षांची आमदारकी आणि तिकिटाची झुंज दोन्ही पुसली जातात.

आता आकडे पाहू. बाळूभाऊ २०१९ मध्ये ४४,७६३ मतांनी जिंकले होते. पत्नीचे मताधिक्य त्याच्या जवळजवळ सहापट. एवढा फरक नुसत्या हळहळीने पडत नाही. कापूस-सोयाबीनचे भाव, राज्यघटनेविषयीची धास्ती, कुणबी समाजाचे गणित, हे सगळे त्यात होते. बल्लारपूर हा २००९ पासून मुनगंटीवारांचा विधानसभा मतदारसंघ. जूनमध्ये तिथेही ते मागे पडले. नोव्हेंबरात त्याच बल्लारपूरने त्यांना पुन्हा आमदार केले, आणि वरोऱ्यात प्रतिभाताईंचे भाऊ प्रवीण काकडे हरले. कोणी म्हणेल, सहानुभूती भावाला कशी मिळणार? रास्त आहे. पण मग निदान एवढे तरी मानावे लागते की इथला मतदार दिल्लीचा हिशेब वेगळा मांडतो आणि मुंबईचा वेगळा. पुरुष जिंकला की आपण हा हिशेब सविस्तर मांडतो. बाई जिंकली की पहिल्याच ओळीत थांबतो.

दुसरे उदाहरण घेऊ. पतंगराव कदम यांच्या निधनानंतर २०१८ मध्ये पलूस-कडेगावातून विश्वजीत कदम बिनविरोध निवडून आले. तिथेही मृत्यू होता, हळहळ होती. तरी बोलताना आपला शब्द ‘वारसा’ असतो. मुलगा वारस ठरतो, पत्नीला सहानुभूती मिळते. वारसा हक्काचा असतो. सहानुभूती म्हणजे दिलेले दान, आणि दान घेणाऱ्याने जपून बोलावे अशी अपेक्षा असते.

चंद्रपूरला हे नवे नाही. मारोतराव कन्नमवार २४ नोव्हेंबर १९६३ रोजी मुख्यमंत्रिपदावर असतानाच गेले. पुढच्या वर्षी तेव्हाच्या चांदा मतदारसंघातील पोटनिवडणुकीतून त्यांच्या पत्नी गोपिकाबाई लोकसभेत पोहोचल्या. जनता त्यांना ताई कन्नमवार म्हणूनच ओळखत होती. १९६७ नंतर २०२४ पर्यंत इथून एकही स्त्री लोकसभेत गेली नाही. सावलीच्या शोभाताई फडणवीस १९९५ च्या युती सरकारात मंत्री झाल्या, पण दिल्लीची वाट सत्तावन्न वर्षे बंद राहिली; उघडली ती पुन्हा एका पत्नीसाठीच. पतीचा मृत्यू हा बाईच्या राजकारणाचा दरवाजा असेल, तर दोष आत शिरणारीचा नाही. घराला दुसरा दरवाजा ठेवला नाही, त्यांचा आहे.

‘ताई’ या शब्दाकडेही नीट पाहावे. पुरुषही इथे भाऊ, दादा, बाबा असतात. नात्याची भाषा एकट्या बाईच्या वाट्याला आलेली नाही. पण भाऊचा पुढे ‘साहेब’ होतो. ताई ताईच राहते. २०२४ च्या ‘लाडकी बहीण’ योजनेने मतदार बाईलाही नात्यातच बसवले. उमेदवार ताई, मतदार बहीण. नागरिक म्हणून दोघींची ओळख कुठेच नाही.

हे नाते उलटले की काय होते, ते त्याच वर्षी अहेरीत दिसले. गडचिरोली जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष भाग्यश्री आत्राम यांनी वडील धर्मरावबाबा आत्राम यांच्याविरुद्ध उभे राहायचे ठरवले, तेव्हा लेक-जावयाला प्राणहितेत फेकून द्या, अशा अर्थाचे उद्गार वडिलांनीच जाहीर सभेत काढले. पुतणे अम्ब्रीशराव यांनी २०१४ मध्ये त्याच काकांना हरवले होते, आणि २०२४ मध्येही ते रिंगणात होते. पण पुतण्याची लढत राजघराण्यातली चुरस म्हणून वाचली गेली; लेकीची लढत घरफोडी ठरली. तिने जिल्हा परिषदेत काय केले, हा प्रश्न मागे पडला. वडील जिंकले.

२०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभेत एक तृतीयांश जागा स्त्रियांना मिळायच्या आहेत. गावपातळीवर निम्म्या जागा राखीव असूनही ‘सरपंचपती’ हा शब्द आपल्या तोंडी रुळलाच. जागा कायद्याने मिळते, शब्द आपणच बदलायचे असतात. म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे : जो शब्द त्याच जागी पुरुषासाठी वापरणार नाही, तो बाईच्या निकालाला लावायचा नाही. चार जूनच्या संध्याकाळी तो पाळला असता, तर एका शब्दावर न थांबता मी निदान वरोऱ्याच्या आमदारकीविषयी विचारले असते.