मालेराव : इतिहासातला आणि आडा बाजारातला

राजवाड्याजवळील आडा बाजाराची कथा आपल्या घराघरांतून सांगितली गेली आहे. मालेरावांच्या रथाखाली वासरू सापडले; अहिल्याबाईंनी पुत्राला तीच शिक्षा फर्मावली; सारथी धजेना म्हणून स्वतः रथावर चढल्या, तेव्हा वासराची आईच आडवी आली. दुसऱ्या पाठात गाय नाही. तेथे माता पुत्राला हत्तीच्या पायी देते. एकात मुलगा वाचतो, दुसऱ्यात मरतो. तरी दोन्ही कथा सारख्याच भक्तिभावाने सांगितल्या जातात.

इतिहास याहून उदास आहे. खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पडले. मे १७६६ मध्ये मल्हाररावांचे आलमपूर येथे निधन झाले आणि दौलत नातवाकडे आली. पुरते वर्षही न भरता, १७६७ साली, मालेराव वारले. सर जॉन माल्कमने १८२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य भारतावरील ग्रंथात त्यांची हकिगत दिली आहे. ब्राह्मणांना द्यावयाच्या वस्तूंत विंचू ठेवण्याचा छंद तीत आहेच. पण मुख्य प्रसंग निराळा आहे. वाड्यातील दासीशी संबंध असल्याच्या संशयावरून मालेरावांनी एका कशिदाकाराला मारले. तो निर्दोष ठरला आणि पश्चात्तापाने मालेराव भ्रमिष्ट झाले. मृताचा पिशाच्चसंचार झाला असे मानून अहिल्याबाई बिछान्याशी बसून त्याची विनवणी करीत राहिल्या. मातेनेच पुत्राला मारविले हा युरोपीयांतला समज माल्कमने चौकशीअंती खोटा ठरविला. ही साक्षही पन्नास वर्षांनंतरची, हे खरे. परंतु तीत रथ नाही.

रथ कोठून आला? तमिळ देशी तिरुवारूरच्या मनुनीती चोळाची हीच कथा बाराव्या शतकातील ‘पेरियपुराणा’त आहे, सिंहली ‘महावंसा’त ती एळार राजाच्या नावे त्याहून कितीतरी आधी आढळते. वासरू, रथ, राजपुत्र, न्यायी राजा, सारे तयारच होते. फक्त नावे बदलावयाची होती. (‘आडा’ म्हणजे आडवा, रस्त्याला आडव्या बाजारास हे नाव पडावयास, आमच्या मते, गायीची गरज नाही.)

फ्रान्सच्या ब्रिटानी प्रांतातील कोनोमोर याची गत अशीच झाली. सहाव्या शतकातील हा सरदार. समकालीन ग्रेगरीच्या इतिहासात तो शरण आलेल्या एका राजपुत्राला जमिनीखाली दडवून, वर मातीचा ढीग रचून, त्याचा जीव वाचविताना दिसतो. सुमारे पाचशे वर्षांनी लिहिलेल्या संत गिल्डासच्या चरित्रात मात्र तोच गरोदर त्रेफीनचा शिरच्छेद करणारा स्त्रीघातकी पती होतो, कारण संताला तिचे शिर पुन्हा जोडून दाखवावयाचे असते. १६९७ च्या पेरोच्या ‘निळ्या दाढीवाल्या’चे मूळ काही अभ्यासक येथेच शोधतात. संताची थोरवी जितकी वाढवावी तितका खलपुरुष काळा करावा लागतो, ही चरित्रकारांची जुनी सोय आहे.

मालेराव निष्पाप होते असे आमचे म्हणणे नाही. माल्कमची हकिगत मानली तर त्यांच्या हातून एक खून झालाच. आमची तक्रार अहिल्याबाईंच्या चरित्रकारांविषयी आहे. धाट, बारव, देवालये आणि अठ्ठावीस वर्षांचा कारभार हाताशी असता त्यांना न्यायनिष्ठेच्या पुराव्यासाठी उसना रथ का लागावा? त्या रथाखाली रोग्याच्या उशाशी जागणारी आई नाहीशी झाली. आणि माल्कमच्या हकिगतीत ज्याचा खरोखर जीव गेला, त्या कशिदाकाराच्या जागी वासरू आले. त्याचे नाव माल्कमनेही दिलेले नाही.