चैत्रांगण : ऋतुसजावटीच्या सौंदर्याची मीमांसा

घर सजविण्याच्या ज्या कला वर्षाच्या ठरावीक दिवसांशी बांधलेल्या आहेत, त्यांच्याविषयी मराठीत लिहिले गेले ते बहुधा दोन प्रकारचे आहे. एका प्रकारात सणांची माहिती असते. कोणत्या तिथीला काय मांडावे, कोणती आकृती काढावी, हे त्यात सांगितलेले असते. दुसऱ्या प्रकारात गतकाळाविषयीची हळहळ असते. या सजावटीत सौंदर्य म्हणून नेमके काय आहे आणि ते कोणत्या निकषाने ओळखावे, हा प्रश्न मात्र दोन्ही प्रकारांत बाजूला राहतो. प्रस्तुत लेखात चैत्रांगण हे एक उदाहरण मध्यवर्ती धरून त्या प्रश्नाचा विचार केला आहे. तो करताना मराठी सौंदर्यशास्त्रातील प्रस्थापित भूमिका या उदाहरणाच्या कसोटीला कितपत उतरतात, हेही पाहावयाचे आहे.

१

चैत्रांगण ही चैत्र शुद्ध तृतीयेपासून वैशाख शुद्ध तृतीयेपर्यंत, म्हणजे चैत्रगौर घरात असेपर्यंत, अंगणात काढावयाची रांगोळी होय. सारवलेल्या काळसर भूमीवर पांढऱ्या रांगोळीची रेघ, आणि तीवर हळदकुंकवाची चिमूट, एवढीच तिची साधने. शिरगोळ्याच्या दगडाची पूड देशावर वापरतात. कोकणात भाताची तुसे जाळून केलेली रांगोळीही वापरात होती. वरच्या बाजूस तोरण अथवा मखर, मध्ये झोपाळ्यावरील गौर, आणि भोवती सूर्य, चंद्र, शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, गोपद्मे, तुळशीवृंदावन, कासव, नाग, गरुड, हत्ती अशी चिन्हे मांडलेली असतात. त्यांच्याच पंक्तीला फणी, आरसा आणि कुंकवाचा करंडाही बसतो.

या मांडणीत दूर-जवळचा भास नाही, एका वस्तूची सावली दुसरीवर पडत नाही. हत्ती आणि फणी जवळजवळ सारख्याच मापाने काढली जातात. हे अज्ञानामुळे घडते असे मानण्याचे कारण नाही. प्रत्येक चिन्हाला अंगणात स्वतःची जागा आहे, आणि शेजारच्या चिन्हापासूनचे अंतर हाच या रचनेचा खरा विषय आहे. शेवटचे चिन्ह काढताना उरलेली मोकळी जागा अपुरी वा अवजड वाटू नये, हे काढणारीला पहिल्या रेघेपासून सांभाळावे लागते.

धुळीने काढलेल्या चित्राला चित्रकलेच्या विचारात स्थान देण्याची परंपरा जुनी आहे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात चित्राचे जे प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'धूलिचित्र' हा एक आहे. त्याला चित्रांच्या पंक्तीतून उठवून 'बायकांची हौस' या सदरात टाकणे हा नंतरचा व्यवहार होय.

२

बा. सी. मर्ढेकर यांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात सौंदर्याचा आधार लयीत शोधला. संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनी संवेदनांची जी संघटना होते ती सुंदर, असा त्यांच्या भूमिकेचा गाभा सांगता येईल. चैत्रांगणाला ही भूमिका प्रथमदर्शनी फार अनुकूल वाटते. काळ्यावरील पांढऱ्याचा विरोध, गोपद्मांच्या ओळीतील संवाद, गौरीच्या दोन्ही बाजूंचा समतोल हे सारे तेथे डोळ्यांना दिसते. कांटनेही १७९० च्या आपल्या ग्रंथात स्वायत्त सौंदर्याची उदाहरणे देताना फुलांबरोबर चौकटींवरील वेलबुट्टीचा उल्लेख केला होता. म्हणजे सजावटीची आकृती ही रूपवादी विचाराला परकी नाही. उलट त्याचे ते आवडते उदाहरण आहे.

अडचण पुढे येते. आज बाजारात चैत्रांगणाचा छापील, चिकटविता येणारा कागद मिळतो. एखाद्या कुशल हाताच्या रांगोळीवरून तो छापला असेल, तर रेषा, अंतरे, समतोल हे सर्व त्यात जसेच्या तसे असते. केवळ लयतत्त्वाने न्याय करावयाचा तर हा कागद आणि ती रांगोळी यांचे मोल एकच ठरेल. तथापि रांगोळी काढणाऱ्या कोणत्याही व्यक्तीला तसे वाटत नाही.

विरुद्ध बाजूची भूमिका घेऊनही अडचण सुटत नाही. रा. भा. पाटणकर यांनी 'सौंदर्यमीमांसा' (१९७४) या ग्रंथात अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद अशा दोन ध्रुवांचा विचार केला आहे. त्यातील लौकिकतावादी दृष्टीने चैत्रांगणाचा अर्थ जीवनाच्या गरजांत शोधावा लागेल. अवनींद्रनाथ ठाकूर यांनी 'बांगलार ब्रत' (१९१९) या पुस्तकात बंगालमधील व्रतांच्या आल्पनेचा संबंध व्रत करणारीच्या कामनेशी जोडला. चैत्रांगणातील फणी, करंडा, आरसा यांचाही उलगडा त्या रीतीने चांगला होतो. परंतु कामना व्यक्त करणे आणि गौरीची जागा मंगल करणे हेच प्रयोजन असेल, तर ते छापील कागदानेही साधते. ज्या घरात तो चिकटविला जातो, तेथे गौर बसते, आंब्याची डाळ व पन्हे होते, हळदीकुंकूही होते. थोडक्यात, आकृतीकडे पाहणारा आणि प्रयोजनाकडे पाहणारा असे दोघेही समीक्षक जो भेद सांगू शकत नाहीत, तो भेद अंगणातील व्यक्ती सहज ओळखते. तिला काय दिसते, हा खरा प्रश्न आहे.

३

तिला रेघेतील हात दिसतो. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीतून रांगोळी सुटते तेव्हा रेघेची जाडी, वळणावरील सैलपणा, चिमूट संपून पुन्हा भरली तो सांधा, यांची नोंद भूमीवर राहते. चुकलेली रेघ पुसली तरी सारवणावर पांढरट डाग उरतो. जिने स्वतः ही रेघ ओढली आहे, तिला दुसरीची रेघ वाचता येते. शेजारच्या अंगणातील कासव पाहताना ती पाठीवरची आकृती कोठून सुरू केली असेल याचा माग घेते. येथे रसिक आणि कर्ता हे वेगळे नाहीत. आस्वाद हा करण्याच्या सरावातून आलेला आहे, आणि म्हणून छापील कागदापुढे तो थांबतो. तेथे वाचण्याजोगे काही नसते.

दुसरी गोष्ट कालाची. चित्र टिकावे अशी चित्रकाराची अपेक्षा असते. रांगोळी दुसऱ्या सकाळी केरसुणीने जाते. त्यामुळे या कलेत संचय होतो तो वस्तूंचा नव्हे, हाताच्या सवयीचा. महिनाभर तीच आकृती पुन्हा काढताना पहिल्या दिवशीचे चैत्रांगण आणि अक्षय्य तृतीयेचे चैत्रांगण यांत जो फरक पडतो, तो या कलेचा इतिहास होय. आणि तो कोणत्याही संग्रहालयात ठेवता येत नाही. जॉन ड्यूई याने 'आर्ट ॲज एक्सपीरियन्स' (१९३४) या ग्रंथात कलेला दैनंदिन अनुभवापासून तोडून संग्रहालयात बसविण्यावर आक्षेप घेतला होता. त्या आक्षेपाला याहून चपखल उदाहरण मिळणे कठीण.

तिसरी गोष्ट ऋतूची. ऋतुसजावटीत ऋतू हा विषय असतो असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः तो पुष्कळदा साहित्याचाच भाग असतो. संक्रांतीच्या हलव्याचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. तीळ वा खसखस परातीत मंद आचेवर ठेवून, पातळ पाक थेंबाथेंबाने घालीत, बोटांनी हलवीत राहावे तेव्हा दाण्यावर काटा येतो. कोरडी थंडी असेल तर तो चांगला फुलतो. हवेत दमटपणा असेल तर दाणे चिकटतात. नव्या सुनेच्या वा तान्ह्या मुलाच्या अंगावर काळ्या कापडावर जे पांढरे दागिने दिसतात, त्यांत पौषातली हवा अशी शिरलेली असते. ऋतूचे चित्र काढणे आणि ऋतूच्या साह्याने वस्तू घडविणे यांत अंतर आहे, आणि गृहसजावटीचा उत्तम भाग दुसऱ्या प्रकारात मोडतो.

४

या विवेचनातून दोन चुकीचे निष्कर्ष निघण्याचा संभव आहे. पहिला असा की, विकत आणलेले सर्व वाईट आणि घरी केलेले सर्व चांगले. शिरगोळ्याची पूड पूर्वीपासून विकतच घेतली जाते. गणपतीची मूर्ती पेणच्या कारखान्यांतून घरोघरी येते, आणि त्यात कोणी उणे मानीत नाही. विकत आणलेल्या वस्तूने हाताला काही काम शिल्लक ठेवले आहे काय, हा विचारावयाचा प्रश्न आहे. मूर्ती आणली तरी तिच्याभोवतीची आरास उरत असे. थर्माकोलच्या तयार मखराने तेही काम संपविले. २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिक व थर्माकोलवर निर्बंध घातल्यानंतर पुठ्ठ्याचे, घडी घालून ठेवण्याजोगे मखर पुढे आले. पर्यावरणाच्या दृष्टीने हा बदल इष्टच. सौंदर्याच्या दृष्टीने मात्र पुठ्ठ्याच्या तयार मखरानेही प्रश्न तेथेच ठेवला. याउलट कामट्या, पतंगी कागद आणि खळ विकत आणून जो आकाशकंदील घरी बांधला जातो, त्याची एक बाजू तिरपी झाली तरी तो आजही या परंपरेत बसतो.

दुसरा चुकीचा निष्कर्ष अधिक गंभीर आहे. हाताच्या कामाचे मोल सांगताना ते काम कोणावर लादलेले होते, हे विसरणे सोपे असते. सडा-रांगोळी ही घरातील स्त्रीने पहाटे उठून, आजारी असो वा थकलेली असो, करावयाची गोष्ट होती. तिला 'हौस' हे नाव बाहेरून मिळाले. शिवाय ज्या हळदीकुंकवाभोवती चैत्रांगण उभे आहे, त्यातून विधवेला वगळले जात असे. आयुष्यभर रेघ ओढून तयार झालेला हात एका दिवसात मंगलकार्याबाहेर ठेवला जाई. या कलेच्या कौशल्याचा जो संचय वर सांगितला, तो अशा रीतीने कितीदा वाया गेला असेल याचा हिशेब नाही. ऋतुसजावटीच्या सौंदर्याविषयी बोलणाऱ्या समीक्षेने ही बाब तळटीपेत ढकलून भागणार नाही, कारण आस्वाद हा करण्याच्या सरावावर अवलंबून आहे असे म्हटले की, तो सराव कोणाला करू दिला आणि कोणाला नाही, हा सौंदर्यशास्त्रातलाच प्रश्न होतो.

आज सक्ती पुष्कळ ठिकाणी सैल झाली आहे. सदनिकेच्या उंबऱ्याबाहेरील हातभर फरशीवर जी रांगोळी निघते, ती बहुतांशी स्वेच्छेने निघते. ही गोष्ट ऱ्हासाची नव्हे. फरशीवर सारवणाचा काळसर रंग नाही आणि सर्व चिन्हांना जागा नाही. म्हणून चार-पाच चिन्हे निवडावी लागतात. आणि निवड आली की, पूर्वी रूढीने ठरविलेल्या रचनेत व्यक्तीचा विचार येतो. याच स्वेच्छेचे दुसरे टोक प्रदर्शनांत दिसते. तेथे रंगीत पुडीने थोरांची हुबेहूब व्यक्तिचित्रे काढली जातात. त्यांतील परिश्रम व नैपुण्य वादातीत आहेत. परंतु ती रांगोळी आहे हे ओळखू न येणे हेच तिचे यश मानले जाते. छायाचित्राचा निकष उसना घेतल्यावर चिमटीच्या रेघेला स्वतःचे बोलण्यासारखे काही उरत नाही.

५

गृहसजावटीचा अभ्यास करू इच्छिणाऱ्यास यातून काही दिशा मिळू शकते. आकृत्यांचे संग्रह पुष्कळ झाले आहेत. त्या आकृत्या कोणत्या क्रमाने काढल्या जातात, चिमूट कोठे भरली जाते, मोकळी जागा कशी मोजली जाते, चांगल्या आणि वाईट रेघेसाठी काढणाऱ्यांच्या बोलीत कोणते शब्द आहेत, यांची नोंद त्या मानाने फार थोडी आहे. समीक्षेची परिभाषा त्या शब्दांतून घडू शकते. ते शब्द ज्यांच्याजवळ आहेत त्यांत अशाही अनेक वृद्ध स्त्रिया आहेत, ज्यांना एके काळी हळदीकुंकवाला बोलावणे येईनासे झाले होते. नोंदीची सुरुवात त्यांच्यापासून करणे शास्त्रदृष्ट्या सोयीचे आहे, आणि न्याय्यही आहे.