शाकाहारी कुत्र्याची तब्येत कोणी तपासली?

वनस्पतिजन्य आहारावरची कुत्री जास्त निरोगी असतात, हे तुमच्याही वाचनात आलं असेल. त्यासाठी हमखास दाखला दिला जातो तो अँड्र्यू नाइट आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाचा (‘प्लॉस वन’, २०२२). एकूण कुत्री २,५३६. नेहमीच्या मांसयुक्त आहारावरच्या ४९ टक्के, कच्च्या मांसावरच्या ४३ टक्के आणि व्हीगन आहारावरच्या ३६ टक्के कुत्र्यांना काही ना काही आजार.

आकडे देखणे आहेत, पण ते पाळणाऱ्यांनी प्रश्नावलीत भरलेले आहेत. अभ्यासासाठी एकाही कुत्र्याचं रक्त तपासलेलं नाही. डॉक्टरांचं मतसुद्धा मालकानेच कळवलेलं. तत्त्वापायी कुत्र्याचं ताट बदलणाऱ्याला आपलं कुत्रं तजेलदार दिसणारच की! त्यात व्हीगन कुत्री अवघी ३३६. पैसा प्रोव्हेज या वनस्पती-आहाराच्या प्रचारक संस्थेचा. लेखकांनी ते लपवलेलं मात्र नाही.

म्हणून दावा खोटा ठरत नाही. कुत्रा मांजरासारखा पक्का मांसाहारी नव्हे; पिष्ट पदार्थ तो लांडग्यापेक्षा कितीतरी चांगले पचवतो. माझी धास्ती वेगळीच आहे. आपल्या घरात ‘शाकाहारी’ म्हणजे वरणभात, आणि वरणाला लसणाची फोडणी! कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात. शिऱ्यातल्या बेदाण्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. ब्रिटनमध्ये खाद्याच्या पाकिटावर ‘कम्प्लीट’ की ‘कॉम्प्लिमेंटरी’ हे छापावंच लागतं. दुसऱ्या प्रकारावर कुत्र्याचं रोजचं पोट भागवता येत नाही. वरणभाताच्या पातेल्यावर तर काहीच छापलेलं नसतं.