मिठाची गोष्ट पटते, पण पुरत नाही

अमेरिकेत कृष्णवर्णीयांमध्ये उच्च रक्तदाबाचं प्रमाण गोऱ्यांपेक्षा जास्त का, याबद्दल एक गोष्ट तुम्ही कधीतरी ऐकली असेल. आफ्रिकेतून गुलामांना आणणाऱ्या जहाजांवर उलट्या, जुलाब आणि घामाने शरीरातलं मीठ निघून जायचं. ज्यांची मूत्रपिंडं मीठ धरून ठेवायची ते वाचले, बाकीचे मेले. आता मीठ मुबलक आहे, पण मूत्रपिंडं तीच. मीठ साठलं की पाणी साठतं, रक्ताचं आकारमान वाढतं आणि बीपी चढतं.

थॉमस विल्सन आणि क्लॅरेन्स ग्रिम यांनी १९९१ मध्ये हे गृहीतक मांडलं. २००७ मध्ये ते ऑप्रा विन्फ्रीच्या कार्यक्रमापर्यंत पोचलं. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही लगेच पटलं होतं. इतिहास, अन्याय आणि डार्विन, सगळं एकाच गोष्टीत! अडचण अशी की पुराव्याकडे गेलं की ती उसवत जाते.

गुलामांच्या व्यापाराचे नावाजलेले इतिहासकार फिलिप कर्टिन यांनी १९९२ मध्येच सांगितलं, की पश्चिम आफ्रिकेत मिठाचा दुष्काळ होता किंवा जहाजांवरचे मृत्यू प्रामुख्याने मीठ गमावल्यामुळे झाले, याला ऐतिहासिक आधार नाही. जनुकशास्त्रही साथ देत नाही. इतकी कडक चाळणी लागली असती तर जनुकीय विविधता आटलेली दिसली असती. आफ्रिकन-अमेरिकन लोकांमध्ये ती भरपूर आहे. शिवाय रक्तदाब एकदोन जनुकांवर ठरत नाही. शेकडो जनुकं त्यात थोडाथोडा हात लावतात.

मग आकडे बघू. रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आफ्रिकी वंशाच्या लोकांची तुलना केली. उच्च रक्तदाबाचं प्रमाण पश्चिम आफ्रिकेत १६ टक्के, कॅरिबियन बेटांवर २६ आणि शिकागोजवळच्या मेवूडमध्ये ३३ टक्के निघालं. गृहीतकाचे समर्थक म्हणतील, बघा, समुद्र ओलांडलेल्यांचंच जास्त! पण कॅरिबियन लोकांचे पूर्वजही तसल्याच जहाजांतून आले होते. मग त्यांच्यात आणि अमेरिकेत एवढा फरक का? २००५ च्या तुलनेत तर नायजेरियात १४ टक्के, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांत ४४ आणि जर्मनीत ५५ टक्के. जर्मनांना कुठल्या जहाजात कोंबलं होतं?

मीठ धरून ठेवण्याची क्षमता उत्क्रांतीतून आली, हे मला मान्य आहे. पण ती गुलामगिरीच्या कितीतरी आधीची, उष्ण प्रदेशात घाम गाळणाऱ्या आपल्या सगळ्यांच्याच पूर्वजांची आहे. गृहीतकाची चूक इथे आहे: सामाईक वारसा उचलून त्याने एका वंशाच्या कपाळी मारला. आणि कारण तीनशे वर्षांपूर्वीच्या जहाजात बंद केलं, की आजचं घर, पगार, वस्तीतलं किराणा दुकान, रोजचा वंशभेद, दवाखान्यात मिळणारी वागणूक यांच्याकडे बघायची गरजच उरत नाही.

हे आपल्यासाठी परकं नाही. ‘इंग्रजांच्या काळात दुष्काळ पडले, म्हणून आपल्याला डायबेटिस आणि बीपी’ असे रील्स तुमच्याही फोनवर आले असतील. १८७६-७८ चा दख्खनचा दुष्काळ भयंकर होता, यात शंका नाही. पण त्याने आपली जनुकं निवडून काढली, हे म्हणायला वेगळा पुरावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलेली, वजनाने कमी पण तुलनेने जास्त चरबीची बाळं आपल्याला आईच्या पोषणाकडेही बघायला लावतात. पोषण सुधारता येतं.

‘आपल्याकडे बीपी आहेच, आजोबांनाही होतं,’ असं आई फोनवर म्हणते. खरं आहे, आनुवंशिकता असतेच. पण आजोबांकडून आपल्याकडे लोणच्याची बरणीही आली, आणि तिच्याबद्दल काही करणं अजून आपल्या हातात आहे.